खिशाला झेपेल आणि मनगटाला पेलेल

नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या द्राक्षबागेत एकरी ९६८ वेली बसतात. एप्रिलच्या खरड छाटणीला वेलीमागे पस्तीस काड्या धरल्या, तर एका एकरात जवळजवळ ३४ हजार वेळा कात्री मिटावी लागते. टोळीत वाटून घेतलं तरी संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते, ती या आकड्यातूनच. तासगाव, पलूस, मिरज भागातल्या बागायतदाराला बॅटरीच्या कात्रीचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या हातालाच कळलेला असतो.

घराभोवतीच्या बागेचा हिशोब इतका सरळ नसतो. सांगलीत विश्रामबागेला एखाद्या बंगल्यामागे किंवा साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गोडोलीत दीड-दोन गुंठे जागा असते. तिथं कोयनेलचं कुंपण, एक आंबा, एक लिंबू, वेडावाकडा वाढलेला शेवगा, फाटकावर बोगनवेल, आणि पाऊस लागला की गुडघ्याला येणारं गवत. एवढ्यासाठी बॅटरीवर चालणारं यंत्र घ्यावं का, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. घ्यायचं ठरलं असेल तर मात्र कुठलं घ्यायचं आणि कुठलं दुकानातच ठेवून यायचं, यावर पैसे वाचतात.

दुकानात आपण मशीन बघतो. बघायची असते बॅटरी. मशीन म्हणजे एक मोटर, एक गिअर आणि पुढे पातं. पैसे गुंततात बॅटरीत, वजन असतं बॅटरीत, आणि तीन वर्षांनी सगळा संच माळ्यावर जातो तोही बॅटरीमुळेच.

तर आधी तिचे आकडे. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, कामात सरासरी ३.६ धरतात. असे पाच सेल एका ओळीत जोडले की ३.६ च्या हिशोबानं १८ आणि ४.२ च्या हिशोबानं २१. म्हणजे १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स, २१ व्होल्ट ही तिन्ही नावं एकाच गठ्ठ्याची. डीवॉल्टची तीच बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स असते आणि युरोपात १८ व्होल्ट. इथवर कुणी कुणाला फसवलेलं नाही. फसवणूक पुढे सुरू होते. त्याच पाच सेलच्या गठ्ठ्यावर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असे ठळक आकडे चिकटवून मशिनं विकली जातात. हा व्हीएफ कुठल्याही मापात बसत नाही. दुकानदाराशी हुज्जत घालू नका, त्याच्याकडेही खोका तसाच आलेला असतो. चार्जर उलटा करा आणि पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुट २१ व्होल्ट असेल तर आत पाच सेल ओळीत आहेत, मशीनवर काहीही छापलेलं असो. १२.६ म्हणजे तीन, १६.८ म्हणजे चार, २५.२ म्हणजे सहा. खरी ३६ व्होल्टची बॅटरी दहा सेलच्या ओळीची, तिच्या चार्जरवर ४२ हाच आकडा हवा. चार्जरला थापा मारून चालत नाही, बॅटरीच भरणार नाही.

दुसरा आकडा एएचचा, म्हणजे अँपिअर-अवरचा. साठा किती ते हा सांगतो. या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजन ४५ ते ५० ग्रॅम. त्याचा साठा सहसा २ ते २.५ एएच, फार चांगला असला तर साडेतीनच्या आत-बाहेर. पाच सेलची एक ओळ म्हणजे २ एएचची बॅटरी. ४ एएच हवी तर दोन ओळी, दहा सेल. दहा सेलचंच वजन पावणेपाचशे ग्रॅम. कवच, निकेलच्या पट्ट्या आणि सर्किट धरलं की सहाशेच्या पुढे जायलाच हवं. म्हणून बॅटरी काट्यावर ठेवा. शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. ६ एएच लिहिलेली बॅटरी ३८० ग्रॅम भरली, तर आत एकच ओळ आहे आणि ६ हा आकडा निव्वळ छपाईचा. एक अपवाद आहे. २१७०० नावाचे जाड सेल सत्तर ग्रॅमच्या आसपास असतात, एकेकात ४ ते ५ एएच मावतं, त्यामुळे पाचांचीच बॅटरी खरोखर ४ एएचची निघू शकते. पण तीही अर्ध्या किलोच्या जवळपास भरते. साडेतीनशे ग्रॅममध्ये ४ एएच, असं कुणाकडेच मिळत नाही.

व्होल्ट आणि एएच गुणले की वॉट-अवर येतात. १८ गुणिले २ म्हणजे ३६. गवत कापायचा ट्रिमर भरात असताना २५० वॉट ओढतो असं धरलं, तर ३६ भागिले २५०, म्हणजे साडेआठ मिनिटं. खोक्यावर ‘४५ मिनिटं’ लिहिलेलं असतं ते मशीन हवेत फिरवून मोजलेलं. गवतात घातलं की साडेआठच. कात्रीचं गणित वेगळं आहे. ती काप घेते तेवढाच क्षण वीज खाते, म्हणून त्याच २ एएचवर घरच्या बागेची अख्खी सकाळ निघते.

इथून खरेदीचा एक नियम निघतो. कात्रीसाठी आणि छोट्या करवतीसाठी एक ४ एएच घेण्यापेक्षा २ एएचच्या दोन घ्या. हातातलं वजन पाव किलोनं उतरतं, एक कामावर असताना दुसरी भरते, आणि उतरलेलीला निवायला वेळ मिळतो. ट्रिमरला मात्र उलटं. तिथं एका ओळीतल्या पाच सेलांवर सगळा भार येतो, बॅटरी तापते, सर्किट तिला मध्येच बंद करतं, आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं. दोन ओळी असल्या की भार अर्धा-अर्धा वाटला जातो. ट्रिमर घेणार असाल तर संचात एक ४ एएचची असू द्या.

मशिनं एकाच घराण्यातली असावीत, हे सगळेच सांगतात. घराणं म्हणजे काय, एवढं नीट बघा. बॉशची घरगुती हिरवी मालिका आणि व्यावसायिक निळी मालिका, दोन्हीवर १८ व्होल्टच लिहिलेलं असतं, पण एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. मकिताची १८ व्होल्टची आणि ४० व्होल्टची बॅटरीसुद्धा एकमेकींच्या मशिनांत जात नाही. दुसरीकडे बिननावाची बरीच स्वस्त मशिनं मकिताच्या १८ व्होल्टच्या खाचेची नक्कल करून आलेली आहेत. माझं मत विचाराल तर मध्यम मार्ग असा: बॅटरी आणि चार्जर नावाजलेल्या कंपनीचे, आणि ज्याचा वापर वर्षातून चार दिवस आहे ते मशीन, त्या खाचेत नीट बसत असेल तर, स्वस्तातलं. उलट करू नये. चांगल्या मशीनला भिकार बॅटरी लावली की मशीनही भिकारच चालतं, आणि आग लागलीच तर ती बॅटरीतून लागते.

आता वजन. ‘लाइटवेट’ हा शब्द खोक्यावर सर्रास छापतात, कधीकधी बॅटरीविना केलेल्या वजनावर. पण किलो-ग्रॅमपेक्षा ते वजन हाताच्या कुठल्या टोकाला आहे हे महत्त्वाचं. गवत-झुडपं कापायचा पेट्रोलचा ब्रश कटर सात-आठ किलोचा असतो, पण तो पट्ट्यानं खांद्यावर लटकतो आणि दांडा कमरेशी टेकतो. बॅटरीची कात्री ८००-९०० ग्रॅमची, पण ती एका हातात, अंगापासून फूट-दीड फूट लांब धरायची. साधी छाटणीची कात्री २२०-२५० ग्रॅमची असते. म्हणजे बॅटरीची कात्री साध्या कात्रीपेक्षा तीन-चार पट जड झाली. तिनं दाबायचं काम हलकं होतं, धरायचं काम जड होतं. ज्याचा अंगठा दुखतो त्याला ती वरदान वाटते, ज्याचा खांदा दुखतो त्याला शिक्षा. विकणारा हा फरक सांगत नाही.

दुकानात करायची चाचणी सोपी आहे. बॅटरी लावलेलं मशीन हातात घ्या, छातीच्या उंचीवर धरा, कोपर अंगाला टेकवू नका, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं उभे राहा. पहिल्या तीस सेकंदांत सगळीच मशिनं हलकी असतात. दुसऱ्या मिनिटात टोक खाली झुकू लागलं तर तोल पुढे आहे. बॅटरी मुठीच्या मागे असेल तर ती पुढच्या पात्याला तोलून धरते. मुठीच्या खाली असेल तर मनगट वळतं. आणि मूठ किती जाड आहे ते बघा. काही कात्र्यांत सेल मुठीतच बसवलेले असतात, ती इतकी जाड होते की लहान हाताची बोटं घोड्यापर्यंत, म्हणजे दाबायच्या खटक्यापर्यंत, धड पोचत नाहीत. घरात बाग जी व्यक्ती बघते, तिलाच दुकानात घेऊन जा.

मोटर ब्रशलेस घ्यावी की कार्बन ब्रशची? ब्रशच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्यावर घासत असतात. घासण्यात थोडी वीज उष्णतेत जाते, कार्बन झिजतो, ठिणग्या पडतात. ब्रशलेसमध्ये घासणं नाही, तेच काम सर्किट करतं, त्यामुळे तेवढ्याच बॅटरीत जास्त वेळ आणि मोटर थोडी हलकी. म्हणून ट्रिमर आणि चेनसॉ (साखळीची करवत) ब्रशलेस असावेत, कारण ते सतत भारावर चालतात. ड्रिल ब्रशचं असलं तरी बिघडत नाही. झिजलेले कार्बन बाहेरून बदलता येत असतील तर मोटरी दुरुस्त करणारा कुणीही ते दहा मिनिटांत बदलून देतो. ब्रशलेसचं सर्किट जळलं तर गावात त्याला इलाज नाही, अख्खा भागच मागवावा लागतो. तो भाग सांगली-कोल्हापुरात मिळतो का, हे मशीन घेण्याआधी विचारायचं. ‘सर्व्हिस आहे’ आणि ‘स्पेअर आहेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

एकेका हत्याराकडे येतो.

सगळ्यात आधी कात्री, कारण घरच्या बागेत खरोखर उपयोगी पडते ती हीच. खोक्यावर कापायची जाडी २५ किंवा ३० मिलिमीटर दिलेली असते. ती ओल्या, मऊ लाकडाची. पेरू किंवा डाळिंबाची वाळलेली फांदी असेल तर निम्मीच धरा. जाड फांदीत पातं अडकलं की कात्री थांबते आणि पीं-पीं करते. अशा वेळी ती पिरगाळून ओढायची नाही, पातं तिरकं होतं आणि पुढे कापच बसत नाही. घोडा सोडून पातं उघडू द्यायचं. उघडलं नाही तर बॅटरी काढून मग फांदी सोडवायची. पातं नीट बसलंय का, याची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीवर. कागद कचकन कापला गेला तर ठीक. दुमडून मध्ये शिरला तर वरच्या आणि खालच्या पात्यात फट पडली आहे, मधला नट थोडासा आवळायचा, अगदी पाव फेरा, आणि पुन्हा कागद. चीक साठला की फडक्यावर थोडं रॉकेल किंवा स्पिरिट घेऊन पुसायचं, मग मधल्या खिळीवर तेलाचा थेंब.

धोका डाव्या हाताला असतो. साध्या कात्रीत बोट मध्ये आलं तर मेंदू दाबणं थांबवतो. बॅटरीच्या कात्रीला बोट आणि काडी सारखीच, आणि पातं अर्ध्या सेकंदात मिटतं. कापडी मोजा काही अडवत नाही. फांदी धरलेला हात पात्यापासून हातभर लांब, आणि कात्री खाली ठेवताना बटण बंद. पातं साफ करताना बॅटरी बाहेर. यातलं एकही टाळू नका.

आटपाडी-जत भागात डाळिंब असेल, किंवा घरी एखादं झाड असेल, तर तेल्या रोग कात्रीवर बसून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. झाड बदललं की पातं एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटनं पुसायचं. बाजारात मिळणारं द्रावण चार टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण आणि तीन भाग पाणी. हे द्रावण लोखंड खातं, म्हणून दिवस संपल्यावर पातं साध्या पाण्यात ओलं केलेल्या फडक्यानं आणि मग तेलाच्या फडक्यानं पुसायला विसरू नका. कात्री बादलीत बुडवायची नाही. हे लिहायला नको खरं तर, पण साध्या कात्रीची सवय हाताला असते.

जाड कापावर बोर्डोची पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि चुना अर्ध्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ढवळायचं. झाली की एक चकचकीत खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, चिमटी-चिमटीनं वाढवा आणि दुसरा खिळा घ्या. थर चढेनासा झाला की ब्रशनं कापावर लावा. त्याच दिवशी संपवायची, उद्याला ठेवायची नाही.

छोटा चेनसॉ, चार किंवा सहा इंचांचा, सध्या सगळ्यांना हवा असतो. साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी. सहा इंचांच्या पट्टीनं चार इंच जाडीची फांदी आरामात जाते, त्यापुढे ती कामाची नाही. यातली चूक बहुतेक वेळा साखळीच्या ताणात असते. पट्टीच्या मधोमध साखळी बोटांनी वर उचला. खालचे दात थोडे वर यावेत, पण खाचेतून पूर्ण बाहेर पडू नयेत. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात ताणते, म्हणून दोन-तीनदा थांबून परत आवळायची. बॅटरी काढून, आणि साखळी निवल्यावर. तापलेली असताना आवळली तर गार झाल्यावर पट्टीवर रुतते. साखळी उलटी बसवणं ही नेहमीची गंमत: पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. उलटी बसली तर मशीन ओरडतं, धूर येतो, आणि फांदीवर नुसता काळा चट्टा उमटतो.

स्वस्त मशिनांत साखळीला आपोआप तेल जात नाही, किंवा जातं म्हणतात आणि जात नाही. कोऱ्या पुठ्ठ्यासमोर पट्टीचं टोक धरून दहा सेकंद चालवा. पुठ्ठ्यावर तेलाचे बारीक शिंतोडे आले तर जातंय. नाही आले तर दर पाच मिनिटांनी हातानं थेंब सोडा. साखळीचं वेगळं तेल मिळतं. नसेल तर नवं इंजिन ऑइल चालवून घेता येतं, गॅरेजमधलं जळकं तेल नको, त्यातली धातूची भुकटी पट्टी खाते.

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार साखळी कीस पाडते, बोथट साखळी पीठ. पीठ पडायला लागलं की जोर लावू नका, कानस घ्या. पाव इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) साखळीला चार मिलिमीटरची गोल कानस, तीस अंशांत, प्रत्येक दाताला सारखे दोन-तीन हात, आतून बाहेर एकाच दिशेनं. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप वाकडा जातो. मातीला एकदा टेकली की अख्खी साखळी बोथट होते, म्हणून जमिनीवर पडलेली फांदी आधी दगडावर उचलून ठेवायची. दुकानात नवी साखळी मागताना इंच सांगून भागत नाही, आतले दात मोजून आकडा सांगा.

आणि पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लावायचा नाही. तिथं दात रुतले की मशीन उलटून तोंडाकडे येतं. एका हातात चेनसॉ आणि दुसऱ्या हातात तीच फांदी, ही रीत जाहिरातींत दिसते. ती तिथंच राहू द्या. शिडीवर चढून तर नाहीच.

शेवग्याची फांदी कशी उतरवायची, ते थोडं सविस्तर. शेवग्याचं लाकूड भुसभुशीत, फांदी लांब आणि शेंगांनी जड. वरून सरळ कापायला घेतली तर अर्ध्यात ती मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालून, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं पलीकडे, वरून. फांदी या दोन कापांमध्ये मोडून स्वच्छ खाली येते. मग उरलेलं खुंट तिसऱ्या कापानं काढायचं, खोडाला अगदी घासून नाही. फांदी खोडाला मिळते तिथं जो फुगीर काठ असतो, त्याच्या जरा बाहेर. तो काठच जखम भरून काढतो. खुंट ठेवलं तर पावसाळ्यात कुजून खोडात पाणी उतरतं.

ट्रिमर घेताना नायलॉनच्या दोरीची जाडी बघा. १८ व्होल्टच्या मशीनला १.६ मिलिमीटर योग्य, काही मशिनांना २ चालते. ‘जाड दोरी टिकते’ म्हणून २.४ घातली तर मोटर दमते आणि बॅटरी निम्म्यात संपते. दोरी सारखी तुटत असेल तर ती वाळून ठिसूळ झालेली असते. नायलॉन पाणी पितं, रात्रभर पाण्यात भिजवलेली दोरी दुसऱ्या दिवशी लवचिक होते. रिळावर काठोकाठ गुंडाळू नका, गरम होऊन आतले वेढे एकमेकांना चिकटतात आणि दोरी बाहेर येत नाही. स्वस्त संचात बरोबर एक पोलादी चकती देतात. ती या मशीनला लावू नका. एवढ्या हलक्या दांड्यावर आणि एवढ्याशा गार्डवर चकतीला खडा लागला तर तो कुठं जाईल सांगता येत नाही. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत तर खडेच जास्त. चष्मा आणि बूट हवेतच, चपला घालून ट्रिमर चालवणाऱ्याच्या घोट्यांकडे एकदा बघा.

आंब्याच्या कलमाभोवतीचं गवत ट्रिमरनं काढू नये. दोरी बुंध्याला लागली की कोवळी साल गोल सोलली जाते. वर्षभर झाड हिरवं दिसतं, मग एका उन्हाळ्यात का वाळलं ते कळत नाही. बुंध्याभोवती वीतभर जागा खुरप्यानं मोकळी ठेवायची, किंवा पाण्याच्या बाटलीचं नळकांडं कापून बसवायचं. आणि ट्रिमरनं हराळी, लव्हाळा मरतात ही समजूत सोडा. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असतात, वरून कापलं की आठ दिवसांत पुन्हा शेंडे. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी कापलं तर फायदा होतो. दहा गुंठ्यांपुढे जागा असेल तर बॅटरीच्या ट्रिमरचा विचारच करू नका, पेट्रोलचा भाड्यानं आणा.

कोयनेल किंवा दुरांट्याच्या कुंपणाला हेज ट्रिमर. दातांमधली फट पंधरा-सोळा मिलिमीटर असते, म्हणजे बोटभर जाडीची काडी त्यात शिरते पण कापली जात नाही, अडकते. जाड काड्या आधी कात्रीनं काढायच्या, मग ट्रिमर फिरवायचा. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा, नाहीतर तळाला ऊन मिळत नाही आणि खालून टक्कल पडतं. वीस फुटांचंच कुंपण असेल तर हाताची मोठी कात्री पुरते. हे मशीन अडीच-तीन किलोचं असतं, खांद्याच्या वर उचलून चालवायला जड.

पाला उडवायचा ब्लोअर घेऊ नका. खराटा आहे.

ड्रिलला लावून खड्डे घेण्याचा पिळाचा बिट मिळतो. कुंडीत किंवा तयार वाफ्यात रोपं लावायला छान. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात लावायचा प्रयत्न केला तर बिट जागच्या जागी रुततो आणि ड्रिल फिरतं, म्हणजे मनगट फिरतं. ओल्या काळीत चिखल पिळाला चिकटून तो नुसताच गरगरतो. वाफसा आला असेल, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असेल, त्या चार दिवसांतच हे काम. ड्रिलचा क्लच (जास्त जोर आला की फिरणं सोडून देणारी आकड्यांची कडी) खालच्या आकड्यावर ठेवा, दोन्ही हातांनी धरा.

उरलं बॅटरी सांभाळणं. बहुतेक कंपन्या ४०-४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. खरड छाटणी एप्रिलमध्ये येते, सांगलीत तेव्हा सावलीतच चाळिशी गाठलेली असते, आणि नुकती वापरलेली बॅटरी आतून त्याहून गरम. काढली की लगेच चार्जरवर नाही, अर्धा तास सावलीत, फरशीवर. बंद गाडीत तर ठेवूच नका. शेतावर पंपाची लाईट पाळीनं येते, तेव्हा घाईनं चार्जर लावायचा मोह होतो. दोन बॅटऱ्या घरून भरून नेणं बरं.

जूनमध्ये काम थांबलं की बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही. बॅटरीवरच्या चारपैकी दोन दिवे लागतील एवढी भरलेली, मशीनपासून वेगळी, प्लॅस्टिकच्या डब्यात. पत्र्याच्या डब्यात खिळे-स्क्रूंबरोबर नको, टर्मिनलला लोखंड लागलं तर शॉर्ट होते. रिकामी ठेवलेली बॅटरी तीन-चार महिन्यांत आणखी उतरते, आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या पावसात टर्मिनलवर हिरवट थर येतो, तो कोरड्या ब्रशनं काढायचा. चार्जर पाच मिनिटांत ‘फुल’ दाखवायला लागला आणि मशीन दोन मिनिटांत थांबलं, तर एखादा सेल गेलेला आहे. ती चालवत राहू नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या ज्या घरांत शिरलं, तिथं हत्यारं खालच्या मजल्यावरच असतात. पाण्याखाली गेलेली बॅटरी वाळवून चार्ज करायची नसते. बाहेरून कोरडी दिसते, आत गाळ आणि ओल राहते, आणि चार्जरवर ती पेटू शकते. मशीन कदाचित वाचेल, बॅटरी सोडून द्यायची. ती घराबाहेर उघड्यावर वेगळी ठेवा, आणि भंगारात फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून जिथून घेतली त्या दुकानापासून विचारायला सुरुवात करा.

पावसाळ्यानंतर बाहेर काढायला खंडेनवमीसारखा दिवस नाही, तशीही त्या दिवशी हत्यारं पुजायला काढतोच, आणि ऑक्टोबरची छाटणी तोंडावर असते. साखळीला कानस लावा, कात्रीच्या खिळीवर तेल सोडा, नायलॉनची दोरी रात्रभर भिजत घाला, बॅटऱ्या पूर्ण भरा आणि दोन मिनिटं मशीन रिकामं चालवून आवाज ऐका. हळदकुंकू पात्याला वाहा. बॅटरीच्या टर्मिनलवर नको.